सशाचा कोपरा

अंतरवाली सराटीच्या शिवारात ससा कुणाला नवा नाही. अंबड तालुक्यातलं, वडीगोद्रीजवळचं हे गाव. दक्षिणेला गोदावरी, शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस आणला, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बाकी कापूस, तूर, मोसंबी. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी इथे उपोषणाला बसले आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला याच गावाच्या निमित्तानं लिहायचंय ते सशाबद्दल: शिवारातल्या आणि आता घराघरांतल्या. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, दारात शेवगा आणि पलीकडे कडब्याची गंजी अशा घरात पाळीव ससा नीट कसा ठेवायचा, हे मराठीत कुणी सांगत नाही. शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

आधी शिवारातला ससा. रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाच्या बॅटरीच्या झोतात तो एकदम उठतो आणि दोन उड्यांत दिसेनासा होतो. हा रानससा बीळ करत नाही. गवतात, उसाच्या सरीत, तुरीच्या बुडाशी अंगाच्या मापाची खोलगट जागा करून दिवसभर तिथेच दबून राहतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडेच ठेवून जन्मतात. आई त्यांच्याजवळ बसत नाही. दिवे लागायच्या सुमारास एकदा येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. दिवसभर तिनं तिथे थांबायचं म्हणजे कोल्ह्याला आणि रानमांजराला पत्ता द्यायचा. त्यामुळे ऊसतोड चालू असताना पाचटात एकटं दिसलेलं पिल्लू अनाथ असतंच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. तोडणीवाल्यांची किंवा मालकाची पोरं ते उचलून घरी आणतात, वाटीत गाईचं दूध देतात आणि दोन-चार दिवसांत ते दगावतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा पकडणं, पाळणं, मारणं गुन्हा आहे. पिल्लू दिसलं तर त्याला लगतच्या बांधावर गवतात ठेवावं, कुत्री लांब ठेवावीत आणि संध्याकाळी आईला येऊ द्यावं. जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. जुन्नरच्या उसात बिबट्याचे बछडे सापडले की वनखातं ते त्याच जागी ठेवून मादीची वाट पाहतं. तोच न्याय सशाच्या पिल्लालाही लावायचा.

घरात पाळायचा ससा हा प्राणीच वेगळा. त्याचं मूळ युरोपात, स्पेन-पोर्तुगालकडे. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, याच्या ४४. दोघांचा संकर होत नाही. हा ससा बिळात राहतो, जमिनीखाली बोगदे खणतो, कळपानं नांदतो. त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात आणि बिळातल्या उबेत वाढतात. रानसशाला घर नसतं, याला असतं. आणि घर असल्यामुळे याला एक सवय उपजतच असते: कळपाच्या लेंड्या टाकायच्या जागा ठरलेल्या असतात. त्या जागा म्हणजे हद्दीच्या खुणाही असतात. पाळीव सशाला शी-शूची जागा लावता येते ती यामुळे. आपण त्याला नवं काही शिकवत नसतो, त्याच्या अंगातलं ओळखत असतो. हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

तो घरात येतो कसा? बहुतेकदा पोराच्या हट्टानं. आठवडी बाजारात, जत्रेत, जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीनं बसलेली पांढरी, लाल डोळ्यांची पिल्लं असतात. विकणारा तीन गोष्टी हमखास सांगतो. एक, जोडी घ्या, एकटा जगत नाही. दोन, हा एवढाच राहतो. तीन, सशाला पाणी द्यायचं नसतं. तिसरी गोष्ट जीवघेणी आहे. सशाला पाणी लागतं, उन्हाळ्यात तर फार लागतं, आणि ते जड बुडाच्या मातीच्या भांड्यात चोवीस तास समोर हवं. दुसरी गोष्ट खोटी आहे, कारण बाजारातले हे पांढरे ससे बहुतेक मांसासाठी वाढवलेल्या मोठ्या जातींच्या रक्ताचे असतात; वर्षाच्या आत तीन-चार किलोंचे होतात. पहिलीत तथ्य आहे, सशाला सोबत लागतेच, पण विकणाऱ्यानं दिलेली जोडी म्हणजे बहुतेकदा एक नर आणि एक मादी, किंवा दोन नर. मादी ३१ दिवसांत विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर वयात आले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात. म्हणून घरी आणतानाच पिल्लाचं लिंग पशुवैद्याकडून बघून घ्यावं आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नये. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाचं पोट बिघडतं आणि ते पाहता पाहता जातं. दुकानांसाठी २०१८ साली केंद्रानं नियम केले, नोंदणी सक्तीची केली. पण आठवडी बाजारातल्या टोपलीपर्यंत ते नियम पोचलेले दिसत नाहीत.

मग पिंजरा. सशाबरोबर दुकानदार जो देतो तो दोन फुटांचा, तळाला तारेची जाळी. त्यात ससा एक उडीही पुरी मारू शकत नाही. सशाच्या पावलाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून बसून टाचा सोलतात, जखमा हाडापर्यंत जातात. प्राण्याला धड हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाच आहे, पण कायद्याच्या भीतीपेक्षा सशाचं शरीर बघावं. एवढी हलकी हाडं आणि एवढे जोरदार मागचे पाय निसर्गानं त्याला पळायलाच दिलेत. न पळणाऱ्या सशाची हाडं ठिसूळ होतात, पोट सुटतं, आतडं मंदावतं. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सांगते, आणि ती सतत खुली असलेली. आपल्या दोन खणी घरात तेवढ्या मापाचा पिंजरा ठेवायचा तर माणसांनी ओसरीत झोपायचं. याला उत्तर मोठा पिंजरा नाही. पुढची खोली सशानं आणि माणसांनी वाटून घ्यायची, हे उत्तर आहे.

ही कल्पनाही फार जुनी नाही. परसातल्या खुराड्यातून ससा घरात आणून मांजरासारखा मोकळा ठेवता येतो, हे अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांनी १९८५ मध्ये ‘हाउस रॅबिट हँडबुक’ लिहून पटवून दिलं. १९८८ मध्ये त्यातून कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ उभी राहिली. त्यांच्या अनुभवाचं सार एवढंच: मोकळीक आणि शी-शूची शिस्त ही दोन कामं नाहीत, एकच आहे. जेवढी जागा सशानं स्वच्छ राखली तेवढी त्याची, आणि ती थोडी थोडी वाढवत न्यायची.

सुरुवात म्हणून पिल्लू आल्यावर दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. नव्या वासांनी, आवाजांनी ते आधीच दबकलेलं असतं. पुढच्या खोलीचा एक कोपरा घ्यावा, साधारण सहा फूट बाय चार फूट. बाज आडवी उभी केली, दुसऱ्या बाजूला पत्र्याची पेटी लावली की झालं कुंपण. खाली फरशी शहाबादी खडबडीत असेल तर उत्तम. नव्या घरातल्या चकचकीत टाइल्सवर मात्र पिल्लाचे पाय फाकतात, तिथे जुनी सतरंजी किंवा धुतलेलं पोतं अंथरावं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पकड चांगली मिळते, पण मूत जिरत जातं आणि वास धरतो. गोधडी, वाकळ, गादी या टप्प्यावर खोलीत ठेवूच नये. मऊ अंथरूण दिसलं की ससा तिथेच मुततो, याला अपवाद कमी.

आता घमेलं. बाजारात शी-शूसाठी प्लास्टिकचे ट्रे मिळतात, पण गोडेतेलाची पंधरा लिटरची कॅन आडवी कापून कडा घासून घेतली तरी काम भागतं. एक बाजू तीन बोटं उंच ठेवावी, पिल्लाला चढता आलं पाहिजे. कीटकनाशकाची रिकामी कॅन मात्र कितीही धुतली तरी वापरू नये. कापसाच्या पट्ट्यात हे ठासून सांगायला हवं. तळाला वर्तमानपत्राचे जाड थर, त्यावर गव्हाचं काड किंवा बारीक केलेला कडबा. लाकडाच्या वखारीतला भुसा टाळावा, त्याची धूळ सशाच्या नाकाला सोसत नाही. मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गठ्ठा बनणारी माती तर कधीच नको. ससा सगळं चाखून बघतो, ती माती आतड्यात फुगते आणि त्याला उलटी करता येत नाही.

वडीगोद्री परिसरातल्या एका घरात मी हे काम जवळून पाहिलं. घमेलं ठेवलं होतं दाराजवळच्या कोपऱ्यात, झाडायला सोपं म्हणून. पिल्लानं निवडला होता धान्याच्या कोठीमागचा. ते तिथे उलट्या पावली सरकायचं, बूड भिंतीला टेकवायचं, शेपटी किंचित वर व्हायची, मग अंग एक क्षण ताठ. घरातली सातवीतली मुलगी वैतागून आजीला म्हणाली, “आजी, बघ गं, परत तिथंच!” आजी लसूण सोलत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, “मग घमेलं तिथं सरकीव की. त्याला जागा घावली हाय, तुला घावंना.” मुलीनं कोठी हातभर पुढे ओढली आणि घमेलं मागे सारलं. त्याच्या मुतानं भिजलेला कागद आणि दहाबारा लेंड्या तिनं आत टाकल्या, बाकीचा कोपरा लिंबाच्या पाण्यानं पुसून घेतला.

आजीनं सांगितलं तेच खरं तंत्र. पहिले काही दिवस फक्त बघायचं. ससा कोणत्या कोपऱ्यात मागे सरकतो ते कळलं की घमेलं तिथे. दोन कोपरे असतील तर दोन घमेली. मूत फडक्यानं टिपून ते फडकं घमेल्यात ठेवायचं, म्हणजे वास त्याला वाट दाखवतो, आणि बाहेरची जागा लिंबानं किंवा विनेगरनं पुसायची. सशाच्या मुतात चुना भरपूर असतो, वाळलं की फरशीवर पांढरा थर धरतो. आंबट पदार्थानंच तो सुटतो. कधी मूत नारिंगी, अगदी लालसर दिसतं. पाल्यातल्या रंगामुळे तसं होतं, घाबरू नये. पण ससा कुंथत असेल तर मात्र डॉक्टर गाठावा. घमेलं रोज पूर्ण धुवून कोरं करू नये. ओला कागद बदलावा आणि मूठभर जुनं काड परत टाकावं. त्याचा वास गेला तर ती जागाही त्याच्या लेखी गेली.

या सगळ्यात सर्वांत कामाची युक्ती गवताची आहे. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. आतड्याची चालच तशी आहे. म्हणून त्याचं वाळलं गवत घमेल्याच्या एका टोकाला, तोंडासमोर टांगायचं. तो घमेल्यात बसून चरत राहतो आणि दिवसभराचा बहुतेक माल तिथेच पडतो. गवत हेच त्याचं मुख्य अन्न, आहाराचा चारपंचमांश भाग तरी. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, आठवड्याला दोनेक मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चघळूनच. परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मागवायची इथे गरज नाही. वाळलेलं मारवेल, हरळी, ज्वारीच्या कडब्याचा पाला चालतो. गंजीच्या मधला घ्यावा, पावसानं काळा पडलेला बुडाचा नको. वाढत्या पिल्लाला लसूणघास चांगला, पण सहा महिन्यांनंतर कमी करावा, त्यात चुना जास्त. कोथिंबीर, दुर्वा, शेवग्याचा पाला तीन महिन्यांनंतर एकेक करून द्यावा. गाजर म्हणजे खाऊ, बोटाच्या पेरापुरतंच. फवारलेल्या कापसाच्या बांधावरचं गवत कधीच नाही. अंगणातली कण्हेर, रुई, घाणेरी, एरंड यांच्यापर्यंत त्याचं तोंड पोचता कामा नये.

पहाटे घरातल्यांना आणखी एक दृश्य दिसेल आणि किळस येईल: ससा मान खाली घालून बुडाशी तोंड नेतो आणि काहीतरी चघळतो. त्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या वेगळ्या असतात. अंधनळीत आंबवलेलं ते अन्नच आहे, त्यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. तो त्या थेट तोंडात घेतो. त्या कधीमधी फरशीवर तशाच पडलेल्या दिसल्या तर हिरवा पाला किंवा दाणा जास्त होतोय असं समजावं.

जागेची सवय लागली की धाव. सशाची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. दुपारी तो झोपतो, तेव्हा उठवू नये. इथल्या घरांच्या दिनक्रमात हे बसतं. सकाळी दूध डेअरीवर जायच्या आधी आणि संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत खोली त्याची. मिळून तीन-चार तास तरी हवेत. कुंपण उघडायचं, पण त्याला उचलून बाहेर ठेवायचं नाही, त्यानं स्वतः निघायचं. आपण जमिनीवर बसायचं. सशाला मागचं, वरचं जवळजवळ सगळं दिसतं, नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. वरून येणारा हात त्याच्या लेखी घार असतो. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशाची नजर आणखी अधू, तो डोकं डावी-उजवीकडे झुलवत अंदाज घेतो. त्याला आजारी समजू नये, पण मान एकाच बाजूला वाकडी राहिली तर तो आजार.

पहिल्या दिवशी तो भिंतीच्या कडेकडेनं फिरेल, प्रत्येक वस्तूला हनुवटी घासेल, कारण तिथल्या ग्रंथींचा वास लावून तो ती आपली करून घेतो. मग एखाद्या संध्याकाळी, काही कारण नसताना, तो धावता धावता हवेत उसळेल, अंगाला पीळ देईल, पाय झटकेल आणि तिसऱ्याच दिशेला उतरेल. ते पाहिलेला माणूस सशाला पुन्हा पिंजऱ्यात कोंडू शकत नाही. घरातल्या पोरांना मोबाइलवरून उठवण्याची ताकद मी त्या एका उडीत पाहिली आहे. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात सशांच्या अडथळा-शर्यती सुरू झाल्या त्या या उसळीवरच. आपल्याला शर्यत नको. दोन विटांवर ठेवलेली फळी, दोन्हीकडे भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं एवढं पुरे. खोक्याला भोकं दोनच हवीत, एक नको. बिळात राहणारा प्राणी पळायची दुसरी वाट नसलेल्या जागी शिरत नाही. उकरायची हौस भागवायला टोपलंभर पोयटा द्यावा. काळी माती नको, ती केसांत चिकटून बसते.

वायरी हा गावातल्या घरांचा खरा धोका. कूलर, इन्व्हर्टर, चार्जर, एक्सटेन्शन बोर्ड, सगळं जमिनीलगत. बिळात आडवी आलेली मुळी कुरतडून वाट मोकळी करायची, ही सशाची जात. वायर त्याला मुळीच वाटते. ठिबकची जुनी नळी उभी चिरून वायरीवर चढवावी आणि वायर भिंतीला वर बांधावी. नळी शेताच्या कडेला पडलेलीच असते. आणि दाराला खालून फळी हवी. ससा बाहेर जाऊ नये म्हणून जेवढी, तेवढीच कुत्रं, मांजर, मुंगूस आत येऊ नये म्हणून. रात्री ससा एकाएकी मागचा पाय जमिनीवर आपटू लागला तर उठून बघावं, त्याला काहीतरी चाहूल लागलेली असते.

त्याला उचलायची वेळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि अंगाशी धरायचं. कान धरून उचलणं ही आपल्याकडची जुनी, वाईट रीत आहे. लोंबकळलेला ससा मागचे पाय झाडतो आणि त्या झटक्यानं त्याचाच कणा मोडतो. लहान मुलांनी त्याला उचलूच नये, बसून मांडीवर येऊ द्यावं.

मराठवाड्याचा उन्हाळा सशाचा सगळ्यात मोठा वैरी. मूळच्या युरोपातल्या या जिवाला तीस अंशांच्या पुढे त्रास होऊ लागतो, आणि इथे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पत्र्याखालची दुपार त्याला मारू शकते. घरातली सर्वांत थंड जागा, माठाजवळची फरशी, त्याला द्यावी. खिडकीला ओलं गोणपाट, पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी, कानांना ओला हात. ससा आडवा पडून तोंडानं धापा टाकत असेल तर कान थंड पाण्यानं ओले करत थेट दवाखाना. गार पाण्यात बुचकळू नये; आंघोळ तर एरवीही घालू नये, धसक्यानं ससा जातो.

पावसाळ्याचा धोका वेगळा आणि तो या लेखाच्या विषयाशी थेट बांधलेला. बूड मुतानं ओलं राहिलं, घमेलं दोन दिवस बदललं नाही, की माशी बसते, अंडी घालते आणि एका दिवसात किडे पडतात. शेळीच्या जखमेत पडलेले किडे या भागात सगळ्यांनी पाहिलेत, सशात ते पार आत शिरतात. म्हणून पावसाळ्यात रोज सशाचं बूड बघायचं, कोरडं करायचं. घमेल्यातला माल वाया जात नाही: कडक लेंड्या तुळशीच्या, मोगऱ्याच्या बुंध्याशी थेट घालता येतात, कागद आणि काड उकिरड्यावर.

औषधाचं सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं काम मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांचं, आणि ते योग्यच आहे. सशाची माहिती असलेला डॉक्टर ससा आणायच्या आधीच शोधून ठेवावा. मराठवाड्यात परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, संभाजीनगरला पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत. दोन गोष्टी मालकानं स्वतः पाठ कराव्यात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिनच्या गटातलं औषध सशाला तोंडावाटे चालत नाही, पोटातले उपयोगी जिवाणू मरून तो दगावतो. आणि कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला घातक आहे. कान खाजवून आत तपकिरी खपल्या धरल्या असतील तर ते किडे आहेत, त्यावर सशाला चालणारं औषध डॉक्टर देतात.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान घरचे लोक म्हणू लागतात, “ह्याला सगळं येत होतं, आता काय झालं?” ससा वयात आलेला असतो. नर उभ्या भिंतीवर मुताचा फवारा मारतो, मादी गुरकावते, आणि लेंड्या खोलीभर विखुरतात. याला बिघाड समजून मारू नये, ओरडू नये. सशाला शिक्षा कळत नाही, फक्त माणूस धोक्याचा आहे एवढं कळतं. जागा पुन्हा लहान करायची, पहिल्या सहा-बाय-चारवर यायचं आणि पुन्हा वाढवायची. खच्चीकरण करून घेतलं तर हे बरंचसं थांबतं, आणि मादीचं गर्भाशय काढल्यानं पुढे होणारा कॅन्सरही टळतो, जो न काढलेल्या वयस्क माद्यांत फार आढळतो. सशाला भूल देण्याचा सराव असलेल्या डॉक्टरकडेच हे करावं, आणि तोवर नर-मादी वेगळे ठेवावेत. विखुरलेल्या कोरड्या लेंड्या मात्र थोड्याफार चालायच्याच. झाडूनं एका फेरीत निघतात. मूत घमेल्यात पडतंय ना, तेवढं बघावं.

सातवीतल्या मुलीचा ससा आठ-दहा वर्षं जगणार आहे. ती बारावी होऊन जालन्याला, संभाजीनगरला शिकायला जाईल तेव्हा तो म्हातारा होत असेल. गवत कोण भरणार, घमेलं कोण बदलणार, हे घरानं ससा आणायच्या दिवशीच बोलून घ्यावं. कंटाळा आला म्हणून पाळीव ससा शिवारात सोडणं ही सुटका नव्हे. त्याला तिथे लपता येत नाही, पहिल्याच रात्री कुत्री फाडतात, आणि पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हाही १९६० च्या त्याच कायद्यानं गुन्हा आहे.

दिवाळीत सशाला वेगळं जपावं लागतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांची माळ दारात लागते, आणि सशाची धावायची वेळ नेमकी तीच. घाबरलेला ससा अंधारात भिंतीवर आपटतो, कधी कणा दुखावून घेतो. बाहेरून काही न दिसताही भीतीनं त्याचं आतडं थांबतं. त्या दिवशी त्याला दुपार उतरताच आतल्या खोलीत न्यावं, रस्त्यापासून सर्वांत लांबच्या. खिडक्या लावाव्यात, त्यांवर गोधड्या टाकाव्यात, खोकं आणि घमेलं त्याच्या नेहमीच्या वासासकट तिथेच न्यावं, भरपूर गवत ठेवावं आणि घरातलं एक शांत माणूस त्याच्याजवळ बसवावं. रंगाचा, धुराचा वास त्या खोलीत नको. पाडव्याच्या सकाळी ओवाळणीच्या गडबडीत आधी घमेलं बघावं. लेंड्या नेहमीएवढ्या आणि नेहमीच्या आकाराच्या असतील तर ठीक. बारीक, थोड्या किंवा नसतीलच, आणि ससा गवताला तोंड लावत नसेल, तर सण बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करावा. बारा तास न खाल्लेला ससा संध्याकाळची वाट पाहू शकत नाही.